विमान दीड तासाचे, प्रवास किती तासांचा?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या बचत गटांच्या आम्ही सगळ्याजणी आज पुन्हा तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. चुलीवर काही ठेवले असेल तर आच जरा कमी करा. हाताशी मुलांच्या वहीचे एखादे पान आणि पेन्सिल असेल तर घेऊन बसा, कारण आज थोडा हिशेब आहे. हा हिशेब पैशांचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. आणि ज्यांच्याकडे पेन्सिल नाही, त्यांनी नुसता आपला डावा हात समोर धरला तरी चालेल. का ते पुढे सांगतो.

आजचा विषय आहे विमानाचा प्रवास. हसू नका. पाच वर्षांपूर्वी आम्हीही हसलो असतो. पण आता विमान आपल्या जिल्ह्यात आले आहे. पनवेलजवळ उलव्याला नवी मुंबईचे विमानतळ झाले. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५पासून तिथून प्रवाशांची विमाने उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावे उठली. त्या गावांत आपल्यातल्या कितीतरी जणींचे माहेर होते, कुणाची आत्या तिथे दिलेली होती. त्यामुळे हे विमानतळ आपल्याला परके नाही. त्याची किंमत आपल्याच माणसांनी मोजली आहे.

आता गटाच्या बैठकीत कुणीतरी सहज म्हणते, "आता काय, नागपूर दीड तासावर आले!" मोबाईलवर दोन विमानतळांची नावे घातली की लगेच आकडा येतो. एवढे किलोमीटर, एवढा वेळ. आकडा खोटा नसतो. पण तो आकडा ऐकला की आम्हाला एक ताई आठवते. तिची परवानगी घेऊन, तिचे नाव न सांगता, आधी तिची गोष्ट सांगतो.

ही ताई आपल्या चौकजवळच्या एका गटातली. नवरा रसायनीच्या बाजूला कारखान्यात कामाला. माहेर नागपूर जिल्ह्यात, काटोलच्या पुढे एका खेड्यात. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा नवी मुंबईचे विमानतळ सुरू झालेले नव्हते. पहाटे साडेचारला भावाचा फोन आला. आई गेली. उन्हाळा असा की विदर्भात फार वेळ थांबवून ठेवणे शक्य नव्हते. भाऊ म्हणाला, "ताई, तू आल्याशिवाय नेणार नाही. फक्त किती वाजेपर्यंत येतेस तेवढे सांग."

ताईने आम्हाला फोन केला. आमच्यातल्या एकीने मोबाईलवर बघितले. मुंबई ते नागपूर, दीड तास. आम्हीच तिला सांगितले, "काळजी करू नका, विमान दीड तासाचे आहे, बारापर्यंत पोहोचाल." ताईने तेच भावाला सांगितले. बारा वाजता.

बाकी सगळे कसे झटपट झाले, ते ऐका. गटाच्या अध्यक्षा आणि सचिव पहाटे पाचला उठून आल्या. पेटीतली रोख आणि दोघीतिघींच्या घरातले पैसे मिळून दहा हजार रुपये जमवले, नंतरच्या बैठकीत ते अंतर्गत कर्ज म्हणून लिहून घेतले. कुणाच्या तरी भाच्याने मोबाईलवरून तिकीट काढून दिले. पावणेसहाला गाडी दारातून निघाली. मुंबईच्या विमानतळावर पोहोचायला सव्वाआठ झाले. जे तिकीट मिळाले होते ते दहा वाजून दहा मिनिटांच्या विमानाचे होते. विमान वेळेवर सुटले, अकरा चाळीसला नागपूरला उतरले. बाहेर येऊन गाडीत बसेपर्यंत बारा दहा झाले. म्हणजे भावाला दिलेली वेळ उलटून गेली होती आणि ताई अजून नागपुरातच होती. पुढे काटोल, काटोलच्या पुढे गाव. घरी पोहोचली तेव्हा दोन वाजून वीस मिनिटे झाली होती.

भावाने बाराची वेळ धरून सगळ्यांना बोलावले होते. बारा झाले, साडेबारा झाले. बाहेर ऊन तापलेले. गावातली वडीलधारी माणसे म्हणाली, किती थांबायचे? एक वाजता नेले. ताई पोहोचली तेव्हा माणसे परत येत होती.

मैत्रिणींनो, यात कुणाची चूक होती? गटाने पैसे वेळेवर दिले. गाडी बंद पडली नाही. विमानाला उशीर झाला नाही. भावाने उलट तासभर जास्तच वाट बघितली. चुकला तो फक्त फोनवर सांगितलेला एक आकडा. आणि तो आकडा आमचा होता. भावाला "अडीच वाजतील" असे सांगितले असते, तर त्याने लोकांना दोनला बोलावले असते. ताईला आईचे तोंड बघायला मिळाले असते.

म्हणून आज हे बोलायला बसलो. विमानाने जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. त्या दिवशी दुसऱ्या कशानेही ताई इतक्या लवकर पोहोचली नसती. पण विमानाचा आकडा वाचायचा कसा, हे आपल्याला यायला हवे.

तर आधी अंतर. दोन विमानतळांमधले जे अंतर मोबाईल दाखवतो ते सरळ रेषेतले असते. नकाशावर दोन टिंबांना दोरी ताणून लावावी, तसे. आपल्याला सरळ रेषेची सवय नाही, कारण आपल्याकडे डोंगर आहेत. नेरळला उभे राहून वर बघा, माथेरान अगदी डोक्यावर दिसते. पण १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी तिथे जायला सुमारे २१ किलोमीटर वळणे घेते. सरळ रेषेत मोजले तर अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी भरेल. किंवा कर्जतहून पनवेलचे बघा. सरळ गेले तर शेजारचा तालुका, पण लोकलने जायचे तर आजही कल्याण, ठाणे असा वळसा घालावा लागतो. डोंगर, नदी, घाट यांना वळसा घालून आपण जातो. विमान त्यांच्यावरून जाते.

आता नागपूरचे बघू. मुंबईहून नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग, जो भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला, तो ७०१ किलोमीटर आहे. आणि नवी मुंबई विमानतळ ते नागपूर विमानतळ हे सरळ रेषेतले अंतर साधारण ६६५ किलोमीटर भरते. गंमत बघा, समृद्धी आणि विमान यांच्या अंतरात फार मोठा फरक नाही. म्हणजे इथे विमान वेळ वाचवते ते मुख्यतः त्याच्या वेगामुळे.

मग वेगाचा हिशेब करू. मोठे विमान उंचावर गेल्यावर तासाला सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने ६६५ किलोमीटरला पन्नास मिनिटे पुरायला हवीत. मग वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास का लिहितात? कारण तो वेळ नुसता हवेतला नसतो. विमान जागेवरून हलले की वेळ मोजायला सुरुवात होते. मग ते हळूहळू धावपट्टीकडे जाते, पुढे विमाने असतील तर रांगेत थांबते, उडते, वर चढायला वेळ घेते, उतरताना पुन्हा वेग कमी करते, खाली जागा नसेल तर वर घिरट्या घालते, आणि उतरल्यावर ठरलेल्या जागी जाऊन उभे राहिले की मोजणे थांबते. एसटी स्टँडातून निघून स्टँडात पोहोचेपर्यंतचा वेळ जसा धरतो, तसेच हे. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. तेव्हा नागपूरला जाताना वारा पाठीशी आणि येताना समोर. त्यामुळे जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत काही मिनिटांचा फरक दिसला तर घाबरू नका.

लहान विमानतळांवर जी पंख्याची विमाने येतात, ती यापेक्षा सावकाश जातात, तासाला साधारण ५०० किलोमीटर. अमरावतीचे बघा. १६ एप्रिल २०२५ला तिथून मुंबईचे विमान सुरू झाले. अमरावती मुंबईहून नागपूरपेक्षा जवळ, तरी असे पंख्याचे विमान नागपूरच्या मोठ्या विमानापेक्षा लवकर पोहोचत नाही. आणि ते सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस होते. म्हणून लहान विमानतळाचे नाव ऐकले की पहिला प्रश्न "किती वेळ लागतो" हा नको, "कोणत्या दिवशी विमान आहे" हा हवा. पाऊण तासाचे विमान परवा असेल, तर ते पाऊण तासाचे नाही, दोन दिवसांचे आहे.

आता डावा हात समोर धरा. पाच बोटे, पाच वेळा मोजायच्या.

अंगठा म्हणजे घर ते विमानतळ. आपल्या दारातून. तुमची वाडी डोंगराच्या कडेला असेल तर वाडीतून सडकेवर यायचा वेळही यातच धरा. आमच्या अनुभवाने चौकहून मुंबईच्या विमानतळाला दोन ते अडीच तास लागतात. नवी मुंबईच्या विमानतळाला साधारण तास-सव्वा तास धरावा, कर्जतहून थोडा जास्त.

दुसरे बोट म्हणजे विमानतळावर थांबण्याचा वेळ. देशातल्या प्रवासाला दोन तास आधी पोहोचा म्हणतात, ते उगाच नाही. साधारण तासभर आधी सामान घेणे बंद होते. मग सुरक्षा तपासणीची रांग. वीस-पंचवीस मिनिटे आधी विमानाचे गेट बंद होते. एसटीमागे धावत जाऊन कंडक्टरला हाक मारता येते, इथे तसे नाही.

मधले बोट म्हणजे विमानाचा वेळ, जो मोबाईल दाखवतो. नागपूरला दीड तास.

चौथे बोट म्हणजे उतरून बाहेर येण्याचा वेळ. विमानातून उतरणे, सामानाच्या पट्ट्यावर आपली पिशवी येण्याची वाट बघणे, बाहेर येऊन गाडी शोधणे. अर्धा तास धरा.

करंगळी म्हणजे तिथल्या विमानतळापासून ज्या दारात जायचे त्या दारापर्यंत. ही करंगळी लहान दिसते, पण खेड्यात जायचे असेल तर हीच सर्वांत महागात पडते. ताईला याच करंगळीने दोन तास दहा मिनिटे लावली.

मधले बोट सर्वांत लांब म्हणून नजर तिथेच जाते. पण मूठ पाचही बोटांची होते. ताईच्या त्या दिवशीच्या प्रवासाची बेरीज करा. पावणेसहा ते दोन वीस, म्हणजे आठ तास पस्तीस मिनिटे. त्यात विमानाचा वेळ दीड तास. बाकीचे सात तास जमिनीवर गेले. तेच आता नवी मुंबईहून गेले तर? अंगठ्याचा सव्वा तास, दुसऱ्या बोटाचे दोन तास, मधल्याचा दीड, चौथ्याचा अर्धा आणि करंगळीचे दोन तास दहा मिनिटे. बेरीज सात तास पंचवीस मिनिटे. म्हणजे नव्या विमानतळाने तास-सव्वा तास वाचवला. चांगली गोष्ट आहे. पण अजूनही तो दीड तासाचा प्रवास झालेला नाही.

पुढे पनवेल-कर्जत नवा लोकल मार्ग सुरू झाला की अंगठा आणखी थोडा लहान होईल. सुमारे तीस किलोमीटरचा हा मार्ग आहे. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत अशी पाच स्थानके, आणि वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा. आम्ही हे बोलतो आहोत तेव्हा त्याचे काम चालू आहे. तो सुरू झाला की पनवेलसाठी ठाण्याचा वळसा संपेल. तेव्हा आपण अंगठ्याचा आकडा बदलून पुन्हा लिहू. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

या पाच बोटांवरून एक साधी गोष्ट ध्यानात येते. मधले बोट सोडले तर बाकीच्या चार बोटांचा वेळ, दूर जा नाहीतर जवळ जा, जवळजवळ तेवढाच लागतो. चार-पाच तास तरी जातातच. म्हणून जवळच्या प्रवासाला विमान फारसे काही वाचवत नाही. कोल्हापूरचे उदाहरण घ्या. सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटर, विमान तासाभराचे. पण आपण खोपोलीहून उलटे मुंबईच्या विमानतळावर जाणार, अडीच तास. तिथे दोन तास. विमान एक तास. बाहेर यायला अर्धा, कोल्हापुरात पोहोचायला अर्धा. साडेसहा तास झाले. खोपोलीहून द्रुतगती मार्गाने पुणे, सातारा, कऱ्हाड करत गेले तरी सहा-सात तासांतच पोहोचतो. बरोबरी झाली की नाही? आणि एसटीत १७ मार्च २०२३पासून आपल्याला अर्धे तिकीट आहे. मग कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचे तर एसटी किंवा रेल्वेच बरी. नाशिकचेही तसेच. जमिनीवरून सात-आठ तासांच्या आतला प्रवास असेल तर विमानाच्या मागे लागू नका. बारा-चौदा तासांचा असेल तर बोटे मोजून बघा.

वेळ वाचतो म्हणून दर वेळी विमानच धरावे, असेही नाही. या जानेवारीत आमच्या ग्रामसंघात हाच प्रश्न आला. नागपूरला बचत गटांच्या वस्तूंचे चार दिवसांचे प्रदर्शन होते. चौघींना जायचे होते. दोघी म्हणाल्या, विमानाने जाऊ, दिवस वाचेल. मग आम्ही फळ्यावर दोन्ही हिशेब मांडले. नाचणीचे पापड, तांदळाच्या कुरडया, हातसडीचा तांदूळ, मसाले, सगळे मिळून नव्वद किलो माल. विमानात साध्या तिकिटावर एकीला साधारण १५ किलो सामान आणि हातातली ७ किलोची पिशवी नेता येते. चौघींचे मिळून ८८ किलो होतात, म्हणजे स्वतःची लुगडी घरी ठेवली तरी माल पुरता जात नव्हता. जास्तीच्या प्रत्येक किलोला वेगळे पैसे. पापडांचा चुरा झाला तर ते नुकसान वेगळेच. रेल्वेने बारा ते चौदा तास लागतात हे खरे, पण ते तास रात्रीचे. झोपून जायचे आणि सकाळी उतरायचे. विमानाने गेलो असतो तर कामाचा एक दिवस त्यातच गेला असता. चौघी रेल्वेने गेल्या, माल धड पोहोचला, आणि वाचलेल्या पैशांतून पुढच्या मालाचे तांदूळ भरले. ज्यांनी विमानाचे सुचवले होते, त्यांनीच शेवटी रेल्वेला हात वर केला. कारण हिशेब सगळ्यांच्या समोर होता.

भाड्याबद्दलही थोडे. सरकारची 'उडान' नावाची योजना आहे, 'उडे देश का आम नागरिक'. २०१६ साली ती जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ला तिचे पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला निघाले. त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादचे विमानही सुरू झाले. या योजनेत भाडे अंतरावरून ठरते. सुरुवातीला, साधारण ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये अशी मर्यादा होती. पण ती ठरावीक मार्गांवर आणि विमानातल्या ठरावीक जागांनाच. बाकीची तिकिटे मागणीप्रमाणे चढतात. आदल्या दिवशी काढलेले तिकीट महिनाभर आधी काढलेल्याच्या दुप्पट-तिप्पटही असू शकते. ताईचे तिकीट ७,८०० रुपयांना पडले होते आणि दोन्हीकडच्या गाड्यांचे मिळून ४,७०० गेले. एकूण साडेबारा हजार. म्हणजे पैशांच्या हिशेबातही अंगठा आणि करंगळी विसरायची नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी, खास आपल्यासाठी. तिकिटावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव एक हवे. आपल्यात कितीतरी जणींचे आधार अजून माहेरच्या नावाचे आहे आणि घरचे तिकीट काढतात सासरच्या नावाने. दारावरचा जवान नाव बघतो. तिकीट काढणाऱ्याच्या हातात आधार कार्ड द्या आणि अक्षर न् अक्षर जुळवायला सांगा. दुसरे, ओटीचे सामान नेताना सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात टाकू नका. त्यात तेल असते, ते पेट घेणारे धरतात आणि काढून ठेवायला लावतात. तिसरे, नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाले तेव्हा सकाळी ८ ते रात्री ८ एवढ्या वेळातच विमाने होती. वेळा बदलत राहतात. म्हणून तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचा. मुंबई वेगळे, नवी मुंबई वेगळे. एकाचे तिकीट घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहिलो तर मधला रस्ता पार करेपर्यंत विमान निघून जाईल.

आता एक मनातली गोष्ट. आमच्या एका गटातल्या मावशी म्हणतात, "वेळ वाचो न वाचो, मला एकदा वरून आपला डोंगर बघायचाय." मावशींचे वय सत्तरच्या पुढे. त्यांचे काय चुकले? हौस ही हौस आहे. पण ती वहीत वेगळ्या पानावर लिहावी. गरजेच्या पानावर लिहिली की कर्ज होते, हौसेच्या पानावर लिहिली की बचत होते. मावशींनी दर महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. आणि आम्ही त्यांना सांगितले आहे, खिडकीची जागा मागायची.

शेवटी ताईचे सांगतो. दहा हजारांचे कर्ज तिने दहा हप्त्यांत फेडायला घेतले आणि एकही हप्ता चुकवला नाही. आईच्या वेळी चुकल्याचे मात्र तिच्या मनातून गेले नव्हते, आणि आमच्याही नाही. या जानेवारीत तिच्या भाचीचा साखरपुडा ठरला. या वेळी तिकीट महिनाभर आधी काढले, नवी मुंबईहून. निघायच्या आठवडाभर आधी बैठकीत बसून आम्ही सगळ्यांनी मिळून तिची पाच बोटे मोजली. सात तास पंचवीस मिनिटे. त्यावर एक तास राखीव ठेवला, रस्त्यात काही झाले तर असावा म्हणून. सकाळी सातला निघणार होती. म्हणजे तीन वाजून पंचवीस मिनिटे. भावाला सांगितले, साडेतीन.

ती तीनला दहा मिनिटे असताना पोहोचली. भाऊ गावाच्या फाट्यावर येऊन उभा होता. म्हणाला, "ताई, लवकर आलीस."

मैत्रिणींनो, एवढेच सांगायचे होते. उद्या तुमच्या घरात कुणी मोबाईलवर बघून "दीड तास" म्हणाले, तर त्याच्यासमोर हात धरा आणि पाच बोटे मोजायला लावा. गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या गावापासूनचा अंगठा लिहून ठेवा, किती वाजता किती वेळ लागतो तो. ज्या बहिणींचे माहेर दूर आहे, त्यांनी आपली करंगळीही लिहून ठेवावी. वेळ सांगून येत नाही. ती आली तर निदान आकडा तरी खरा सांगता यावा.

तुमच्या गटाने असा हिशेब केला तर आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू. तोपर्यंत रजा घेतो. नमस्कार.